दोघे आणि सामान : मोटारसायकल निवडताना



ऊस सोडून शेतकी खाते मोटारसायकलवर काय लिहीत बसले, असे कोणी म्हणेल. पण ऊसबिल खात्यावर जमा झाले की गट कार्यालयात ज्या चौकशा होतात, त्यात "साहेब, गाडी कोणती घ्यावी?" ही चौकशी ठरलेली असते. लागणीच्या नोंदी, क्षेत्राची मोजणी, तोडणीचा कार्यक्रम यांसाठी आम्ही शेतकी खात्याची माणसे बाराही महिने दुचाकीवर असतो. म्हणून हा प्रश्न आमच्याकडे येतो.

पूर्वी विचारणाऱ्याला मळ्यात, बाजाराला आणि डेअरीवर जायला गाडी पाहिजे असे. आता विचारणे थोडे बदलले आहे. खोडव्याला पाणी दिले, लाईटची पाळी चुलतभावावर सोपवली, की शनिवार-रविवार दोघांनी तुळजापूरला जाऊन यावे. पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा बघावा. परळी-अंबाजोगाई करून येताना लेकीच्या गावी मुक्काम करावा, असे लोकांच्या मनात असते. जाताना दोन पिशव्या असतात आणि येताना त्यांच्या चार होतात. अशा प्रवासाला कोणती गाडी सोयीची, हा आजचा विषय आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या प्रवासाचा आराम इंजिनाच्या सीसीत नसतो. मागे बसणाऱ्या माणसाला बैठक कशी मिळते आणि ओझे गाडीवर कोठे बसते, यावर तो अवलंबून असतो. आणि नेमक्या याच दोन गोष्टी दुकानात कोणी पाहत नाही. आपण एकटे जातो, मोकळी गाडी चौकापर्यंत फिरवून आणतो आणि पैसे भरतो.

पूर्वीच्या गाड्या आणि आजच्या

जुन्या सभासदांना फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत, म्हैसूरची येझदी आणि मद्रासची बुलेट आठवत असेल. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकची लुना आली आणि सायकलवाल्याच्या हाती इंजिन आले. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० निघाली. त्याच वर्षी आपल्या शेजारी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. राजदूत-येझदीच्या पेट्रोलात तेल मिसळावे लागे. चार स्ट्रोकच्या नव्या गाडीला ती कटकट नव्हती आणि ॲव्हरेजही भरपूर होते. पुढे १९९४ साली स्प्लेंडर आली, आणि 'ॲव्हरेज किती?' हा गाडीबाबतचा पहिला प्रश्न होऊन बसला.

तो प्रश्न चुकीचा नाही. रोजच्या वीस-तीस किलोमीटरच्या ये-जा करण्याला तोच खरा प्रश्न आहे. परंतु दोघे, सामान आणि दीडशे किलोमीटर असा हिशेब आला की ॲव्हरेजने पाठ दुखायची थांबत नाही. बेणे निवडताना आपण नुसती उसाची उंची पाहत नाही, डोळा आणि कांडेही पाहतो. तसे गाडीचेही चार ठिकाणी पाहावे लागते.

आधी वजनाचा हिशेब

प्रत्येक गाडीबरोबर एक पुस्तिका मिळते. बहुतेकांची ती कपाटात कागदांखाली पडलेली असते. त्यात गाडीवर जास्तीत जास्त किती वजन घालता येते, हे लिहिलेले असते. चालवणारा, मागे बसणारा, सामान आणि आपण बसवून घेतलेले लेगगार्ड, कॅरिअर हे सगळे मिळून ते वजन असते.

उदाहरण घेऊ. पुस्तिकेत १३० किलो लिहिले आहे. घरधनी ७० किलोचे आणि घरधनीण ६० किलोच्या, म्हणजे १३० भरलेच. पिशवीला जागाच राहिली नाही. त्यावर दोन दिवसांचे कपडे, पाण्याच्या बाटल्या, लेकीसाठी डाळ आणि शेंगदाणे असे २० किलो घातले, की गाडीवर दीडशे किलो झाले. गाडी लगेच मोडत नाही, चालत राहते. म्हणून आपल्याला वाटते की काही बिघडले नाही. पण ब्रेक लवकर लागत नाही, मागचे टायर तापते, शॉकप तळाला टेकतो आणि हँडल हलके लागते. बैलगाडीत दोन मोळ्या जास्त घातल्या की बैल तरी मान हलवून सांगतो. मोटारसायकल सांगत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न ॲव्हरेजचा न ठेवता, "वजन किती झेपते?" हा ठेवावा. दुकानदाराला तोंडी उत्तर मागू नये, पुस्तिका उघडून दाखवायला सांगावे.

तिघे-चौघे बसण्याचा विचार तर नकोच. मोटार वाहन कायद्याने चालवणाऱ्याच्या मागे एकालाच बसता येते. चार वर्षांखालील मूल सोबत असेल, तर त्याला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, डोक्याला टोपी आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, असा नियम २०२३ पासून लागू झाला आहे.

बैठक : पुढची आणि मागची

चालवणाऱ्याने गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीला लावून पाहावेत. टाचा थोड्या उचलल्या गेल्या तर चालते. पण नुसते चवडे टेकत असतील तर मागे माणूस आणि सामान असताना, उतारावर किंवा चिखलात गाडी सावरणार नाही. स्प्लेंडरच्या सीटची उंची ७८५ मिलीमीटर आहे, रॉयल एन्फिल्डच्या क्लासिक ३५० ची ८०५. आकड्यात फरक दोन सेंटिमीटरचा दिसतो, पण दुसरी गाडी रुंद असल्याने पाय फाकतात आणि बुटक्या माणसाला तो फरक जास्त जाणवतो.

हात हँडलला सरळ पोचले पाहिजेत. पुढे वाकून पोचावे लागत असेल तर तासाभरात मनगट आणि मान दुखते. शर्यतीच्या घाटाची, पुढे वाकून चालवायची आणि मागची सीट उंच असलेली गाडी तरुण मुलांना आवडते. तिच्यावर मागच्या माणसाला पंचवीस किलोमीटर बसवून आणावे, म्हणजे ती का नको हे वेगळे सांगावे लागत नाही. लांब, सपाट, रुंद आणि एकाच पातळीतली सीट जोडीच्या प्रवासाला सर्वांत बरी. फार मऊ सीट दुकानात छान वाटते, पण पन्नास किलोमीटरनंतर ती खाली दबून पत्रा लागतो.

आता मागची बैठक. आपल्याकडे बऱ्याच भगिनी साडी नेसून एका बाजूने बसतात. त्यांच्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात: धरायला मागे किंवा बाजूला भक्कम दांडा, पाय ठेवायला रुंद पायरी आणि मागच्या चाकाला साडीगार्ड. ही काही हौस नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ व्या नियमाप्रमाणे हँडग्रिप, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे गार्ड असलेच पाहिजे. तरीही गाडी घरी आली की पोरे 'शो' जातो म्हणून साडीगार्ड काढून टाकतात. पदर किंवा ओढणी चाकात गेली की काय होते, हे तालुक्याच्या दवाखान्यात विचारावे. गार्ड काढू देऊ नये, आणि काढलेले असेल तर या आठवड्यात परत बसवावे.

आमचा भगिनींना आग्रह आहे की, लांबच्या प्रवासाला पंजाबी ड्रेस घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. एका बाजूने बसल्यावर सगळा भार डावीकडे येतो, चालवणाऱ्याला हँडल उलटे ओढून धरावे लागते आणि दोघांचेही अंग आंबून जाते. दोन्ही बाजूंना बसल्यावर वजन मध्यावर येते आणि खड्ड्यात तोल जात नाही.

इंजिन किती मोठे असावे

येथे थोडी आकडेमोड करू. गाडीवर दीडशे किलो वजन आहे असे धरू.

शंभर सीसीची स्प्लेंडर स्वतः सुमारे ११२ किलोची आहे आणि तिची ताकद सुमारे ८ अश्वशक्ती. एकूण २६२ किलो ओढायचे, म्हणजे एका अश्वशक्तीवर जवळजवळ ३३ किलो. सव्वाशे सीसीची गाडी साधारण ११५ किलोची आणि ११ अश्वशक्तीची धरली, तर एका अश्वशक्तीवर २४ किलो. क्लासिक ३५० ही १९५ किलोची आणि सुमारे २० अश्वशक्तीची, म्हणजे १७ किलो.

यावरून मोठीच गाडी घ्यावी असे वाटेल. पण थांबा. ती १९५ किलोची गाडी रोज वाड्यातून मागे ढकलत बाहेर काढायची आहे, काळ्या मातीच्या पाणंदीतून मळ्यात न्यायची आहे, आणि पावसात आडवी झाली तर उचलायचीही आहे. पेट्रोलचेही पाहा. स्प्लेंडरच्या टाकीत ९.८ लिटर बसते. लिटरला ६० धरले तर एका टाकीत पावणेसहाशे किलोमीटरच्या पुढे जाते. क्लासिकच्या टाकीत १३ लिटर बसते. लिटरला ३५ धरले तर साडेचारशे. वर्षातून सहा वेळा बाहेरगावी जायचे आणि उरलेले तीनशे पन्नास दिवस मळ्यात, तर वजन आणि खर्च वर्षभर सोसायचा कशाला?

आमचे मत असे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, शे-दीडशे किलोमीटर, दोघे आणि एक-दोन पिशव्या असतील, तर सव्वाशे सीसीची, लांब सीटची साधी गाडी पुरेशी आहे. मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढते. शंभर सीसीची गाडी घरात असेल, तर केवळ यासाठी ती विकू नका. सामान निम्मे करा, वेग पन्नासच्या आत ठेवा आणि दर चाळीस किलोमीटरला उतरून पाय मोकळे करा. दर महिन्याला दोनशे-तीनशे किलोमीटर हमरस्त्याने जाणाराने दीडशे-एकशेसाठ सीसीचा विचार करावा. साडेतीनशेची गाडी ज्याला उंचीने, ताकदीने आणि खर्चाने झेपते त्याने जरूर घ्यावी; तिची बैठक चांगली आहे. मात्र शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि त्यापुढच्या गाड्यांवर ४० टक्के झाला, एवढे भाव विचारताना ध्यानात असू द्यावे.

चाके, शॉकप आणि ब्रेक

चाक मोठे असले की खड्डा लहान लागतो. सतरा-अठरा इंचांची चाके आपल्या रस्त्यांना बरी. लहान चाकाची स्कूटर गावात सोयीची असली तरी ओझ्यासह दीडशे किलोमीटरला ती अंग खिळखिळे करते.

मागच्या शॉकपला बहुतेक गाड्यांत पान्याने फिरवायची कडी असते. एकटे असताना ती मऊ घरावर आणि दोघे व सामान असताना कडक घरावर ठेवायची असते. गाडी घेतल्यापासून ती कधी फिरवलीच नाही, असे सभासद शंभरात नव्वद निघतील. टायरच्या हवेचेही तसेच. मागच्या टायरची हवा एकट्यासाठी वेगळी आणि दोघांसाठी जास्त असते. आकडा गाडीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत असतो. निघायच्या सकाळी, टायर थंड असताना हवा तपासावी. या दोन गोष्टींना पाच मिनिटे लागतात, आणि नवी गाडी घेतल्याइतका फरक पडतो.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले, आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस. एबीएसमुळे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. जुनी गाडी घेणाऱ्याने ती या तारखेच्या आधीची की नंतरची, हे आरसीवर पाहावे. आणि एक कायमचे लक्षात ठेवावे: वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर दुप्पट न होता चौपट होते. वर ओझे असेल तर हातात आणखी कमी राहते.

ओझे बांधण्याची रीत

हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बैलगाडीत मोळ्या मागे जास्त झाल्या की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाल्या की बैलांच्या मानेवर येते. मोटारसायकलचे अगदी तसेच आहे. जड वस्तू दोन चाकांच्या मध्ये आणि जितकी खाली तितकी चांगली. मागच्या दिव्याच्याही पुढे लोंबणाऱ्या कॅरिअरवर वीस किलोचे पोते बांधले की गाडी उलाळ होते, पुढचे चाक हलके पडते आणि वळणावर हँडल थरथरते. कॅरिअरवर हलके सामान ठेवावे: अंथरूण, कपडे. किती किलो चालतात हे पुष्कळ कॅरिअरवर लिहिलेले असते.

दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या पिशव्या अडकवणे ही उत्तम रीत. पण मागची व्यक्ती एका बाजूने बसणार असेल, तर डावीकडे पिशवी अडकवता येत नाही. पाय ठेवायला जागा राहत नाही. उजवीकडे बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर असतो, त्याला पिशवी टेकली की जळते. म्हणून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे हे सामानाच्या दृष्टीनेही सोयीचे. ते जमत नसेल तर पेट्रोलच्या टाकीवर बसणारी लहान पिशवी आणि मागे एक हलकी पिशवी, एवढ्यावर भागवावे.

बांधायला कासरा किंवा सुतळी वापरू नये. सैल झालेले टोक चेनमध्ये जाते. हुकाचे रबरी पट्टे किंवा सायकलची जुनी ट्यूब बरी. दहा किलोमीटरवर एकदा थांबून गाठी पाहाव्यात. मागचा दिवा आणि नंबरप्लेट झाकली जाणार नाही, इकडे लक्ष द्यावे.

हंगामातला रात्रीचा रस्ता

येथे थोडे स्पष्ट बोलावे लागेल. मागे वजन बसले की गाडीचे नाक वर येते आणि हेडलाईट रस्ता सोडून झाडांवर पडतो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला पुढचे दिसत नाही. अशा वेळी, गळीत हंगामात, आपल्याच भागातल्या रस्त्यावर आपल्याला काय भेटते? उसाने भरलेली ट्रॉली किंवा टायरगाडी, जिचा मागचा दिवा मोळ्यांखाली झाकला गेला आहे. ती गाडी आपल्यापैकीच कोणाची तरी असते आणि तिच्यावर येऊन आदळणारा जोडीदारही आपल्यापैकीच कोणाचा तरी असतो.

म्हणून प्रवास करणाराने हंगामात अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचावे. आणि वाहतूक करणाऱ्या सभासदांनी, मुकादमांनी ट्रॉलीच्या व गाडीच्या मागे, मोळ्यांनी झाकणार नाही अशा जागी लाल रेडियम पट्टी लावल्याशिवाय वाहन रस्त्यावर काढू नये. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यावर तशीच सोडून जेवायला जाऊ नये. कितीही आरामाची मोटारसायकल घेतली, तरी ही पट्टी नसेल तर तिचा उपयोग नाही.

हेल्मेट दोघांनाही हवे, आणि आयएसआय शिक्क्याचे हवे. २०२१ च्या जूनपासून शिक्क्याशिवायचे हेल्मेट विकण्यास बंदी आहे, तरी रस्त्याकडेला ते मिळते, घेऊ नये. घरधन्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे कारभारणीच्या डोक्यावर नुसता पदर, हे चित्र बरे नव्हे. पडताना दोघेही एकाच उंचीवरून पडतात.

विम्याबद्दल दोन शब्द. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा काढावा लागतो. त्यामुळे पुष्कळांना वाटते की पाच वर्षे काळजी नाही. तो विमा दुसऱ्याच्या नुकसानीचा आहे. आपल्या गाडीचा वेगळा असतो आणि तो बहुधा दर वर्षी भरावा लागतो. मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्याची रक्कम भरली आहे का, आणि मागे बसणाऱ्या व्यक्तीसाठी संरक्षण घेतले आहे का, हे पॉलिसीच्या कागदावर वाचून घ्यावे. तोंडी 'सगळं आहे त्यात' यावर विसंबू नये.

दुकानात जाताना

थोडक्यात सांगायचे तर असे करावे. दुकानात एकट्याने न जाता जोडीने जावे. घरची भरलेली पिशवी बरोबर न्यावी. पुस्तिका उघडून वजन पाहावे. चालवून पाहायची गाडी मागितली की मागे कारभारणीला बसवून, पिशवी बांधून, एक खराब रस्ता आणि एक चढ असा निदान अर्धा तास फिरावे. उतरल्यावर आधी त्यांना विचारावे, "पाठ कशी आहे? धरायला नीट मिळाले का? पाय ठेवायला?" त्यांनी नाही म्हटले तर ती गाडी आपल्या उपयोगाची नाही, मग रंग कितीही आवडलेला असो. दुकानदार मागे माणूस बसवून फिरू देत नसेल, तर तीच गाडी असलेल्या गावातल्या ओळखीच्याकडून तासभर मागून घ्यावी.

ऊसबिलाचा पैसा वर्षभराच्या घामाचा असतो. तो गाडीत घालायचा तर गाडी घरातल्या दोन्ही माणसांची झाली पाहिजे. गट कार्यालयात येणाऱ्या सभासदांनी पुस्तिका बरोबर आणल्यास शॉकप, हवा आणि वजनाचा हिशेब आमचे कर्मचारी दाखवून देतील. रेडियम पट्टीसाठीही तेथेच नाव नोंदवावे.